यादीतला सतरावा

तार दोघांच्या मध्ये, बाजेवर पडून होती. तात्याबाने ती वाचून बराच वेळ झाला होता. ती मोठ्याने ऐकायची मुक्ताबाईला गरज नव्हती. सणसर गावात फौजेचा कुठलाही कागद आला की तो आधी या निवृत्त हवालदार-कारकुनाच्या चष्म्याखालून जाई. पण आजच्या कागदाने चष्म्याच्या काचाच जड झाल्या होत्या.

"माझ्या विज्याची रजा मोडली," शेवटी तीच म्हणाली. "कारगिलला न्हेत्यात का?"

"आधी सेंटरला. तितं वर जाणाऱ्यांची यादी निघंल."

यादी कशी निघते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? वर आघाडीवर पलटणीत माणसे पडली की खाली सेंटरमधल्या त्याच्या कचेरीत आकडा येई. बत्तीस. नावे नव्हेत, नुसता आकडा. रजेवरचे, इस्पितळातून सुटलेले, कवायत नुकतीच संपवलेले कोवळे रंगरूट, यांतून तो गाडी सुटायच्या आत भरायचा. गेलेल्याच्या जागी जाणाऱ्याला गेलेल्याचे नावही कळत नसे; पुष्कळदा ताट मात्र त्याचेच मिळे.

"मेंढरं लांडग्यानं न्हेली तर माझा बाप पुढच्या वर्षीच्या कोकरांची वाट बघायचा," मुक्ताबाई म्हणाली. "तुमची फौज लई घाईची."

तात्याबाने चष्मा काढून पुसला.

"सेंटरच्या आफिसात तुमच्या हाताखालचा गडी बसलाय म्हणं. भवानीनगरला जाऊन फोन करा. विज्याचं नाव खोडा."

"तसं खोडता येत न्हाय, वहिनी."

"एकदा खोडलं की तुमी."

डिसेंबर एकाहत्तर. सतरावे नाव म्हस्कूचे, तात्याबाच्या सख्ख्या धाकट्या भावाचे. तांबडी शाई, पट्टी लावून ओढलेली सरळ रेघ, समोर एक शब्द: आजारी. नाव खोडले तरी अनुक्रमांक खोडायचा नाही, ही कचेरीची रीत. त्या रिकाम्या सतराव्यापुढे गावचाच दत्तोबा बसला, मुक्ताबाईचा नवरा, लग्नाला वर्षही न झालेला. नऊ दिवसांनी तात्याबाने तेच नाव पडलेल्यांच्या यादीसाठी टाइप केले. विजयसिंह पुढल्या पावसाळ्यात जन्मला.

"कुणी सांगितलं?"

"म्हस्कूभावजींनी. विज्या भरती झाला त्या दिशी माझ्या पायावर पडून रडलं. रोज दुधाचा तांब्या दारात का ठिवत्यात, ते तवा कळलं."

"आन तुमी कधी बोलला न्हाय."

"बोलून माझा धनी परत येणार हुता व्हय? म्हटलं, ऱ्हाऊ द्या. कवातरी लागंल. आज लागलं."

तिच्या आवाजात शिव्याशाप नव्हते. शेजारी दिलेला विळा परत मागावा, तसे तिने मागितले होते.

तात्याबा उठला. खुंटीवरची टोपी काढून डोक्याला घातली, पायात वहाणा सरकवल्या. उंबऱ्यापाशी मात्र त्याचे पाऊल अडले. इतकी वर्षे एका रेघेखाली दाबलेले काही वर आले. ते पश्चात्तापासारखे होते, पण त्याला धारही होती.

"करतो फोन," तो म्हणाला. "गडी माझं ऐकंल. पर आकडा कमी हुत न्हाय, वहिनी. विज्या निघाला की त्या जागी दुसरा बसवाय लागतो. गडी इचारंल, तात्या, कुणाला बसवू? मी काय सांगू? तुमच्या शेजारच्या फुलाबाईचा दादासो बी तितंच हाय. परवा कसम खाऊन शिपाई झालाय."

मुक्ताबाईने तार उचलली.

"त्येचं लिहू?" तात्याबाने विचारले.

तिने तारेची घडी केली, त्या घडीची आणखी एक घडी केली आणि ती कमरेला खोचली.

"का दुसऱ्या कुणाचं? तुमीच सांगा. माझ्या हातानं एकदा झालंय. औंदा तुमी नाव सांगा, वहिनी."

ती त्याच्या अंगाला न लागता दारातून बाहेर पडली. उसातल्या वाटेने चालू लागली. वाटेत फुलाबाईचे घर होते. अंगणात दादासोची आई निवांत शेंगा फोडत बसली होती. तिने हाक मारली. मुक्ताबाईने पदर तोंडावर ओढला आणि पाऊल न थांबवता ती पुढे गेली, लेकाची ट्रंक भरायला.