थिरथिरा आला, कप मात्र सुलटाच

ऐकू येतंय ना? येत नसेल, तर तुम्हाला माझीच गरज आहे असं समजा. घेवड्याच्या दाण्याएवढं श्रवणयंत्र मी, आज जरा स्वतःबद्दल बोलतोय.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. भिंगं लावलेल्या बायका माझ्या पोटात केसासारख्या तारा बसवत होत्या आणि आपापल्या सासवांबद्दल बोलत होत्या. मी जगात पहिलं ऐकलं ते हे. तेव्हाच ठरवलं, ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही.

मला विकत घेतलं एका लेकीनं, वडिलांसाठी. वडील म्हणजे सूरवाले काका. उभा जन्म त्यांनी लोकांची वाद्यं जुळवण्यात घालवला. कान हीच त्यांची कमाई. अशा माणसाला मला देणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याच्या पाठीला भोपळा बांधणं. त्यांनी मला एकदाच घातलं. भांड्यांचा खणखणाट ऐकून तोंड वाकडं केलं, आणि मी ड्रॉवरमध्ये जुन्या किल्ल्यांशेजारी जाऊन पडलो.

काकांना दुसरा नाद पाखरांचा, त्यातही थिरथिऱ्याचा. हा चिमणीएवढा काळसर पक्षी आमच्या थंड डोंगराळ गावातून हिवाळ्यात दूर उबेला निघून जातो आणि झाडांना पालवी फुटायच्या सुमारास परत येतो. उंच जागा बघून बसतो, तांबूस शेपटी सारखी थरथरवतो, मधूनच वाकून सलाम केल्यासारखं करतो. गाणं बारीक शिट्टीनं सुरू होतं, मध्येच कोणी मूठभर खडे चोळावेत तशी करकर, की पुन्हा शिट्टी. तो दिसायच्या आधी ऐकू येतो, असं काका नवशिक्यांना सांगत.

घरात एक नेम होता. दर वर्षी परतलेला थिरथिरा ज्याला आधी ऐकू येईल त्यानं टेबलावरचा दुसऱ्याचा कप उलटा करून ठेवायचा. ज्याचा कप उलटा, त्यानं मुकाट्यानं चहा करायचा. लग्न झाल्यापासून बहुतेक वेळा काकूंचाच कप उलटा असे.

मग सलग दोन वर्षं दोन्ही कप सुलटेच राहिले. थिरथिरा आलाच नाही, असं काकांचं म्हणणं. त्यांनी नव्या उंच इमारतींना दोष दिला, रात्रभर जळणाऱ्या दिव्यांना दिला, शेजारच्या मांजरीला तर फारच दिला. शेजारची सून म्हणाली की सकाळी असंच काहीतरी ऐकू आलं, तर तो दुसराच पक्षी असणार म्हणून तिची बोळवण केली. हळूहळू त्यांचं जेवण कमी झालं, गच्चीवर जाणंही बंद झालं.

खरं काय ते काकूंना ठाऊक होतं, आणि मला: जवळचं बोलणं काकांना ऐकू येई, बारीक आवाज मात्र त्यांच्या कानातून निसटले होते. काकू रोज मला बाहेर काढत, पुसत, बॅटरी बघत आणि खिशात टाकत. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या की समोरच्या धुराड्यावरून तीच शिट्टी, तेच खडे. दोन्ही वर्षं. ओला टॉवेल हातात धरून त्या ऐकत राहायच्या. मग खाली येऊन टेबलाकडे बघायच्या, पण कपाला हात लावायच्या नाहीत. पाखरू गेलं हे दुःख ते सोसतील, कान गेले हे सोसायचे नाहीत, असं त्यांना वाटे. त्या चुकत होत्या, पण मायेनं चुकत होत्या.

यंदा एका सकाळी काकांनी जाहीर केलं, गच्चीवरची लाकडी पेटी काढून टाकतो. थिरथिऱ्याच्या घरट्यासाठी त्यांनीच ती भिंतीवर ठोकली होती. आता कोणासाठी ठेवायची, म्हणत ते पक्कड घेऊन निघाले. मागोमाग काकू, त्यांच्या खिशात मी.

दोन खिळे निघाले. काका घाम पुसायला थांबले आणि समोर बघतच राहिले. धुराड्याच्या कडेवर तो बसला होता. शेपटी थरथरत होती. त्यानं वाकून सलाम केला. मग मान वर केली, चोच उघडली, गळा फुगवला. काका कान देऊन उभे. चोच मिटली, पुन्हा उघडली.

"गातोय का गं तो?" काकांनी हळूच विचारलं.

काकूंनी खिशात मला मुठीत धरलं. "हो. रोज गातो."

"मागच्या वर्षी?"

"तेव्हाही. त्याच्या आदल्या वर्षीही."

काकांनी पक्कड खाली ठेवली. मला वाटलं, आता चिडतील. पण ते म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं तू एकटीच ऐकत होतीस."

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून मला काढलं आणि स्वतःच्या हातानं काकांच्या कानात बसवलं. मी सगळा जीव एकवटला. आधी वारा आला, मग खालच्या रस्त्यावरची सायकल, आणि मग ती बारीक शिट्टी. पाठोपाठ खडे चोळले गेले. काकांनी डोळे मिटले. "मधली करकर अजून तशीच बेसूर आहे लेकाची," म्हणाले, आणि रडता रडता हसले. खिळे त्यांनी पक्कडीनंच परत ठोकले.

आता माझं बरं चाललंय. अंगावर चरे पडलेत, जोराच्या वाऱ्यात मी कुरकुरतो, पण कामात आहे. तुमच्याकडे माझा एखादा भाऊ किल्ल्यांशेजारी पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. फार उशीर करू नका. तोवर घरातलं कोणीतरी एकटंच ऐकत असतं.

एक सांगायचं राहिलं. गच्चीवरच्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वयंपाकघरात आल्या, तर टेबलावर एक कप उलटा होता. आपलाच असणार म्हणून त्या चहा ठेवायला निघाल्या. नीट बघितलं तर कप काकांचा होता, त्यांनी स्वतःच उलटा केलेला.

"तुझे मागचे दोन डाव राहिलेत," काका म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला उठले.