दोघांच्या भाषेचा तिसरा जाणकार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. न वाटू दे! साऱ्या जगात फक्त दोन माणसं बोलत अशी एक भाषा होती, आणि शिकायला बसल्यापासून तिसऱ्याच दिवशी ती मला त्या दोघांहून चांगली येऊ लागली.

ती दोघं म्हणजे माझे मालक घड्याळजी आणि त्यांची थोरली बहीण. लहानपणी पलंगाखाली बसून त्यांनी ती रचली, मोठ्यांना कळू नये म्हणून. केस पिकले तरी त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात तीच चाले. घड्याळजींच्या लेकीला मात्र तिच्यातलं ओ की ठो कळत नसे. विचारलं की दोघं नुसती हसत.

मग घड्याळजींच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, सोमवारी शस्त्रक्रिया. नंतर आवाज राहणार नाही. दोन हजार शब्द बोलून टेप करायला घशात बळ नव्हतं. म्हणून त्यांनी मला नियम शिकवले. लिहिलेला शब्द घातला की मी त्याचा उच्चार कागदावर छापायचा, कुठे लांबवायचं, कुठे जोर द्यायचा त्या खुणांसकट. तो वाचून लेकीने बोलावं, एवढीच त्यांची इच्छा.

पण तपासायला बसली बहीण!

"असं कोण बोलतं रे? यंत्र आहे की बोबडं पोर?"

"ताई, नियमाप्रमाणे बरोबर आहे."

"नियम गेला खड्ड्यात. आपण असं कधी बोललो?"

घड्याळजी नियम बदलत. दुपारी ती सकाळचा स्वतःचाच उच्चार मोडीत काढी. मी पुरता गांगरलो. 'कोरमिश' म्हणजे 'मोठी माणसं आली, गप्प!' मी पहिल्याच अक्षरावर दणदणीत जोर दिला.

"अरे, एवढं ओरडलो असतो तर पकडलेच गेलो असतो की!"

तो शब्द जन्मात फक्त कुजबुजलाच गेला होता. कुजबुज कुठल्या नियमात बसवायची? माझा पंखा असा गरगरला की टेबलावरचे सुटे काटे उडाले आणि भिंतीवरच्या घड्याळात नेमके जाऊन बसले. शप्पथ!

रविवारी संध्याकाळी तीनशे बारा नियम झाले, निम्मे एकमेकांचे वैरी. बहीण उठली. "कागदावर भाषा राहत नसते. तुझा आवाज गेला की माझंही तिच्यातलं बोलणं बंद."

बोलल्याप्रमाणे केलं तिने. शस्त्रक्रियेनंतर रोज येई, औषध देई, पण त्या भाषेतलं अक्षर काढेना. घड्याळजी नुसते तिच्या तोंडाकडे बघत. शेवटी एके दिवशी ते माझ्यासमोर बसले आणि त्याच भाषेत लिहिलं, "ताई, भांड ना माझ्याशी."

पाच नियम इकडे ओढत होते, सहा तिकडे. बरोबर कोणते, मला आजही ठाऊक नाही. पण मित्रांनो, मी घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात, अगदी घड्याळजींच्या ढबीत, ते वाक्य बोललो! बहिणीच्या हातातली बाटली थबकली. "चुकलं!" ती ओरडली, आणि तेही त्याच भाषेत. मग तासभर भांडली. तेव्हा बाळांनो, जुनं यंत्र भंगारात देऊ नका, त्याच्यावरची धूळ पुसा, कारण माझ्या या गोड आवाजाने...

"खोटं!" लेक मागून म्हणाली. "तुला स्पीकर तरी आहे का रे? कागद वाचून मी बोलले होते. आणि आत्या भांडली ती माझ्याशी!"