बरणीचं झाकण

माझ्या नातवाला धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही. जूडला मी वाढवलाय. जेवायला बसण्याआधी हात धुवायचे, मोठ्यांसमोर टोपी काढायची, सगळं शिकवलं. पण वाढलेलं ताट नको असेल तर तसं तोंडाने सांगावं, हे शिकवायचं राहून गेलं असावं. डिसेंबरच्या त्या रविवारी दुपारी चार वाजता तो चर्चच्या हॉलमागच्या माझ्या स्वयंपाकघरात मूग गिळून बसला होता. मांडीवर आमची लाल बरणी, बरणीवर दोन्ही पंजे. अंडी उबवतोय जसा काही.

आमच्या गावात दर हिवाळ्यात कॉलेजच्या दोन फुटबॉल संघांचा सामना होतो, मेहॉ बाऊल. त्याचं बोलावणं कागदावर जात नाही. माझ्या नवऱ्याने, एटिएनने, त्रेचाळीस वर्षांपूर्वी रीत घालून दिली. कमिटीचा माणूस लाल कोट घालून जाणार आणि संघाच्या कप्तानाच्या हातात मेहॉच्या, म्हणजे आमच्याकडच्या आंबट लाल फळाच्या, जेलीची बरणी देणार. कप्तानाने झाकण उघडून चमचाभर खाल्लं की तो संघ आमच्या गावात खेळायला येणार. बंद बरणी परत आली तर नाही येणार. रुसवा नाही की फुगवा नाही, दुसऱ्याला विचारायला आम्ही मोकळे. एटिएन गेल्यापासून तो कोट मी घालते, बाह्या दुमडून. जूडच्या मांडीवरची बरणीही सकाळी मीच त्याच्या कॉलेजात नेऊन दिली होती, तासभर गाडी हाकून.

इंडियानावाल्यांची बरणी केव्हाच उघडली होती. त्यांच्या कप्तानाने म्हणे चमचा चाटून पुसून परत दिला. आता दुसरा संघ हवा होता, आणि टीव्हीवाल्यांनी पाचची मुदत घातली होती. पाचपर्यंत दोन नावं नाही दिली तर टीव्हीवरची आमची वेळ दुसऱ्याला. तशी एकदा गेली की परत मिळत नाही. पलीकडच्या परगण्यातला कॅटफिश बाऊल मागच्या साली असाच गेला. त्यांच्या मैदानावर आता जुन्या गाड्यांचा बाजार भरतो.

पूर्वी आमच्याकडे खेळायला मिळणं हे बक्षीस होतं. पोरं आठवडा आठवडा राहायची, माझ्या गंबोवर, कोळंबीच्या दाट रश्श्यावर, तुटून पडायची. हरलेली पोरं रडत रडत दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. मग देशाचं अजिंक्यपद ठरवणाऱ्या त्या प्लेऑफवाल्यांनी आधी चार संघ घेतले, आता बारा. जो तो त्या बारांकडे डोळे लावून. बारात बसलेले आमच्याकडे फिरकत नाहीत, आणि ज्यांचं थोडक्यात हुकलं त्यांना आमच्याकडे यायची लाज वाटते. पेलिकन स्टेट ही कॉलेजची टीम तेरावी आली. जूड तिचा कप्तान. आमच्याकडे यायचं की नाही यावर संघाने मत घ्यायचं टाळलं आणि सगळं त्याच्या गळ्यात टाकलं.

"खाणार आहेस का?" मी विचारलं.

"मॉमॉ, जरा दम धर ना."

"कशासाठी?"

"त्या बारांतल्या एका संघाची चौकशी लागलीये म्हणतात. तो बाद झाला तर आमचा नंबर."

"कोण म्हणतं?"

"पोरं म्हणतात."

"पोरांना विचारून मी गंबोत मीठसुद्धा घालत नाही."

आमच्या कमिटीचे अध्यक्ष प्रेजाँ खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. गावात ट्रॅक्टर विकतात, बोलतातही ट्रॅक्टरसारखे. "मिस ओडील, पोराला टोचू नका. गावचा पोरगा, गावचं मैदान. पेलिकन स्टेट आली तर पाय ठेवायला जागा उरणार नाही."

"आणि नाही आली तर?"

त्यांनी तोंड वाकडं करून हनुवटीने खिडकीबाहेर दाखवलं. अंगणात पेकानच्या झाडाखाली एक मळका पिकअप उभा होता. आत अर्कान्सासच्या डोंगरातल्या पाइन रिज कॉलेजचा कोच आणि त्याचा कप्तान. पाच सामने जिंकले, सात हरले. एवढे संघ नको म्हणाले की यादी घसरत घसरत त्यांच्यापर्यंत आली होती. पण पेलिकन स्टेटची बरणी परत येईस्तोवर त्यांना आत बोलावता येत नव्हतं. सकाळी नऊपासून थांबले होते. मी दोनदा सँडविच पाठवली, दोन्ही वेळा बश्या धुऊन परत आल्या.

"पाच जिंकले, सात हरले," प्रेजाँ म्हणाले. "त्यांना बघायला कोण येणार? त्यांच्या आया?"

"आया आल्या तर चांगलंच जेवतील," मी म्हटलं.

साडेचार झाले. मी जूडसमोर खुर्ची ओढली.

"तुझी टीम काय म्हणते, खरं सांग."

"आलो तर आपणच कबूल केलं की आपण तेरावे, असं म्हणतात."

"मग कितवे आहात?"

तो खाली बघायला लागला. मानेवर घाम. बावीस वर्षांचा गडी, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतात, आणि बरणी धरलीये अशी की कुणी हिसकावून घेईल.

"ठेव ती टेबलावर," मी म्हटलं. "बंद आहे तशी ठेव आणि नाही म्हण. मी चावणार नाही."

"मॉमॉ, मी नाही म्हटलं आणि बाऊल बुडाला तर? गाव म्हणेल एटिएन गिदरीच्या नातवाने बुडवला."

"आणि पाच वाजले तर कुणी बुडवला?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नुसती नजर गेली आणि मला सगळं कळलं. चौकशी नाही, नंबर नाही, काही नाही. तो पाच वाजायची वाट बघत होता. हो म्हणायची लाज, नाही म्हणायची भीती, म्हणून सगळं घड्याळावर ढकलायचं आणि वर वाईट वाटलं असा चेहरा करायचा. माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. ते उचलायला मी वाकले, ते बरंच झालं. तोंड दिसलं नाही त्याला माझं.

"जूड," मी म्हटलं, "ते पोरगं बाहेर नऊपासून बसलंय."

काटा सरकत होता. पावणेपाच वाजले. प्रेजाँ फोन हातात घेऊन उभे, टीव्हीवाले पलीकडे. मग जूडने बरणी टेबलावर ठेवली. बंद. तोंडाने काहीच नाही, पण ठेवली.

मी दार उघडून ओरडले, "ये रे पोरा, आत ये!"

पाइन रिजचा कप्तान दोन ढांगांत आत आला. वेंडेल ऑस्बर्न नाव, ओंडक्यासारखा आडवा, डोक्यावरची टोपी उंबऱ्यातच काढलेली. "नमस्कार, मॅडम," म्हणाला आणि बरणीकडे बघत राहिला. मी चमचा पुढे केला. त्याने बरणी उचलली, झाकण पिळलं. हलेना. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत बांधलेली, शेवटच्या सामन्यात मोडली होती. डाव्या हाताने पिळलं, काखेत धरून पिळलं. चेहरा लालबुंद. माझ्या जेलीचं झाकण मी घट्ट लावते, मान्य आहे.

"आण इकडे," जूड म्हणाला आणि फिरवलं झाकण. टक्.

दहा वर्षांचा असल्यापासून माझी प्रत्येक घट्ट बरणी त्यानेच उघडलीये. हाताने विचार केलाच नाही.

"उघडली!" प्रेजाँ किंचाळले. "पेलिकनच्या कप्तानाने उघडली! सगळ्यांनी पाहिलं! होकार झाला, मी सांगतो त्यांना…"

"फोन खाली ठेवा, प्रेजाँ."

"रीत आहे, मिस ओडील! तुमच्या नवऱ्याचीच रीत!"

"माझ्या नवऱ्याची रीत मला शिकवू नका. उघडायचं आणि खायचं. अर्धंच झालंय."

वेंडेल टोपी पोटाशी धरून उभा होता. त्याला कळलं होतं काय झालं ते. तो दाराकडे एक पाऊल सरकला. ते सरकणं मला बघवलं नाही.

घड्याळात पाचला आठ कमी. मी चमचा जूडच्या हातात दिला.

"घे. आता घड्याळ मध्ये नाही, मी मध्ये नाही. खा, नाहीतर दे."

त्याने चमचा बरणीत बुडवला. जेली वर आली, खिडकीच्या उजेडात लाल. प्रेजाँनी फोन कानाला लावला. जूडच्या गालाचा स्नायू उडत होता. मला वाटलं खाईल. खरं सांगते, मनात एक कोपरा होता माझ्या ज्याला वाटत होतं खावं त्याने, भरावं ते मैदान, लाल कोट घालून बघावं मी त्याला एकदा तरी आपल्या गवतावर खेळताना.

त्याने चमचा फिरवला आणि दांडा वेंडेलकडे केला.

"आम्ही येत नाही," तो म्हणाला. मोठ्याने. "तुम्ही या."

वेंडेलने खाल्लं. डोळे मिटून खाल्लं. बाहेर पिकअपचा हॉर्न इतका वेळ वाजला की पेकानवरचे कावळे उठले. कोच काचेतून बघत असणार. प्रेजाँनी पडेल आवाजात टीव्हीवाल्यांना नाव सांगितलं, पाचला चार कमी असताना, आणि खुर्चीत बसले.

जूड मागच्या दाराने निघाला होता. मी कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि त्याला हाक मारली.

"थांब. ऐकून जा, मग कुठे जायचं ते जा. तू नाही म्हणालास याचा मला राग नाही. नाही म्हणायला दिवसभर घड्याळाच्या आड लपलास, त्याचा आहे, आणि तो इतक्यात जायचा नाही. बारांनी तुला दाराबाहेर ठेवलं तर किती लागलं तुला. आणि तू त्या पोराला आठ तास दाराबाहेर ठेवलंस. शेवटी चमचा तू स्वतःच्या हाताने दिलास, म्हणून तुला माझ्या घरात जागा आहे. पण सामन्याच्या आदल्या दिवशी तू इथे येशील, खेळायला नाही, वाढायला. पहिलं ताट वेंडेलचं. आणि त्याने दुसऱ्यांदा मागितलं की तिसऱ्यांदाही विचारशील. कळलं? आता ये इकडे, झाकण लाव त्या बरणीला. सैल लाव."