कड्यावरची सुपारी

सकाळी दहाच्या सुमाराला गौराबाई कड्याच्या वाटेवर मटकन बसली आणि उठेना. साल एकोणीसशे शेहेचाळीस, महिना माघ. पुढे तिचा दीर येसाजी उभा होता. त्याच्याही पुढे खोपोलीकडून आलेले पाहुणे, भिवाजी आणि त्याचा मुलगा कोंडाजी. कोंडाजी भिवपुरीच्या वीजघरात कामाला होता आणि गौराबाईच्या मुलीला, जिजाला, त्याचं स्थळ आलं होतं.

गावामागच्या कड्यात जुनी लेणी आहेत. गाव त्यांना पांडवांची घरं म्हणतं. पाहुण्यांनी ती बघायची हौस दाखवली, आणि येसाजीला तेवढंच निमित्त झालं. "वर देवी हाय. तिच्यापुढंच सुपारी फोडू," तो म्हणाला. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. गौराबाईला उंचीची धास्ती आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. माळ्यावरचं भात काढायला ती शिडीसुद्धा चढत नसे. ती खाली राहिली असती तर जिजाचा शब्द दिराच्या तोंडून गेला असता. नवरा गेल्यापासून शेताचे, बैलांचे सगळे शब्द तसेच गेले होते. हा एक तिला सोडायचा नव्हता.

वाट म्हणजे कातळाच्या अंगानं गेलेली हातभर रुंद पट्टी. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. पट्टीवर वटवाघळांच्या लेंड्यांचा थर साचलेला, आणि वरून पाणी झिरपून त्याचा चिखल झालेला. त्याचा उग्र वास थेट घशात जाऊन बसत होता. उभं राहावं तर धरायला काही नव्हतं. रांगावं तर हात त्यात घालावे लागणार होते.

"वैनी, तुमी बसा हितंच. आमी येतो उरकून," येसाजी म्हणाला.

"काय उरकून?"

"अवो, सुपारी. दुसरं काय, भाताची लावणी उरकायचीय?"

भिवाजी खो खो हसला. त्यानं पानाची पिंक दरीत टाकली आणि ती कुठवर जाते हे मान वाकवून पाहिलं. "बघा विहीणबाई, अजून पोचली नाय!"

गौराबाईनं डोळे मिटले तर दरी जास्तच जवळ आली, म्हणून उघडले. नजर भिंतीवर ठेवून तिनं दोन्ही हात चिखलात घातले. तो कोमट होता. बोटांच्या फटींतून वर आला, आणि त्यात काहीतरी वळवळत होतं. थोडं पुढे गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की पडण्यापेक्षा आपला हात चुकून तोंडाला लागेल, याचंच भय आपल्याला जास्त वाटतंय.

शेवटच्या वळणावर कोंडाजी थांबला होता. "मावशी, हात द्या."

"घाण हाय रं हाताला."

"असू द्या. आमचे हात रोजचेच ग्रिसात."

त्यानं तिला वर ओढून घेतलं. पोरगा बरा आहे, असं तिला वाटलं.

वर एका कोनाड्यात शेंदूर फासलेली देवी, आणि पुढे ओळीनं खोल्या होत्या. प्रत्येकीत झोपण्यापुरता दगडाचा ओटा, आणि त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांनी कोळशानं लिहिलेली नावं. बाहेर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. चैतात विहीर आटली की गाव याच पाण्यावर जगायचं. गुराखी इथून भरलेले हंडे दोरानं खाली सोडत. लग्न होऊन आल्यापासून गौराबाई ते पाणी पीत आली होती. बघत आज होती.

टाक्याच्या काठावर भिवाजी पाठमोरा उभा होता, धोतर वर करून. धार पाण्यात पडत होती आणि तिचा आवाज खोल्यांत घुमत होता.

"पाव्हणं! प्यायचं पाणी हाय ते!"

"आत्ता कुठं पिताय? चैताला येळ हाय अजून." त्यानं हात धोतराला पुसला आणि तोच पुढे केला. "काढा येसाजीराव, सुपारी."

येसाजी हसला. गौराबाईला त्या हसण्याची जास्त शिसारी आली. तिनं कोंडाजीकडे पाहिलं. तो नुसता 'बाबा' एवढं जरी म्हणाला असता, तरी तिनं बाकीचं गिळलं असतं. कोंडाजी आपल्या पायांकडे बघत राहिला.

"सुपारी फुटायची नाय," ती म्हणाली.

"वैनी, येवढ्यासाठी? लोक कुठंबी मुततात."

"मुतू देत. माजे व्याही नाय व्हायचे ते."

भिवाजीचं तोंड लालबुंद झालं. "चला रं. हिची ही उतरंल." तो निघाला आणि येसाजी मिनतवाऱ्या करत त्याच्या मागे धावला. कोंडाजी मात्र घुटमळला. त्यानं पुन्हा हात पुढे केला.

"चला मावशी, खाली सोडतो."

"आन् बापाला काय सांगशील?"

बाप उतरला त्या वाटेकडे त्यानं पाहिलं. गौराबाईनं हात दिला नाही. तोही उतरला.

येताना नजर भिंतीवर ठेवता आली होती. उतरताना पाय कुठं ठेवायचा ते बघावं लागत होतं, आणि पायाच्या पलीकडे दरी होती. ती वळणापर्यंत गेली, तिथंच ओकली आणि रांगत मागे आली. हात धुवायला टाक्याशी गेली, पाण्याकडे पाहिलं आणि तशीच परतली.

दुपारी येसाजीनं खालून हाक मारली. पाहुणे गावच्या देवळात बसलेत. हो म्हणा, म्हणजे कोंडाजी तुम्हाला उतरवायला आत्ता वर येतो. गौराबाईनं वरून एकदाच "नाय" म्हटलं.

दिवस कलला तेव्हा पाहुणे देवळातच होते. येसाजी जेवला नव्हता. गौराबाई पहिल्या खोलीच्या तोंडाशी, दोन्ही हात अंगापासून लांब धरून बसली होती. जिजा कुणाला न विचारता, आईला आणायला घरातून निघून कड्याच्या पायथ्याशी पोचली होती. वर ती कधीच गेलेली नव्हती.