उगवतीच्या अंगातला ताण

मित्रांनो, होटगी स्टेशनाच्या रुळांपलीकडे नागव्वाच्या बांधावर मावळतीकडे कललेला एक जुना लिंब आहे. तो मीच. आल्यागेल्याला माझी सावली दिसते. माझ्या अंगात काय आहे ते मात्र कुणाला दिसत नाही, आणि त्याचाच मला घोर आहे.

बाजेची दोरी तुम्ही पाहिली असेल. ती ओली विणतात आणि वाळली की ती आवळते. आम्हा झाडांचेही तसेच. दरवर्षी सालीखाली मी लाकडाचा नवा थर चढवतो. पक्का होताना तो आखडू पाहतो, पण आतले जुने लाकूड त्याला आखडू देत नाही. म्हणून बाहेरचे लाकूड कायम ताणलेले आणि गाभ्यातले कायम दाबलेले असते. सरळ झाडात हा ताण चारी अंगांनी सारखा असतो, वाऱ्यात तोच झाडाला सांभाळतो. माझ्यात तो सारखा राहिला नाही.

नागव्वा लग्न होऊन आली तेव्हा मी भरात होतो. पुढे तिच्या रुद्रप्पाची झोळी माझ्याच फांदीला असायची. "लिंबाखाली पोर रडत न्हाय," असे ती शेजारणींना सांगायची. ते ऐकून मी पाने जरा जास्तच हलवायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. शेळ्यांना चारा उरला नाही. नागव्वा आकडी बांधलेल्या काठीने माझ्या फांद्या तोडू लागली. मला त्याचे दुःख नव्हते, पण ती उगवतीकडच्याच तोडायची. "मावळतीकडं हात लावू नगंस," ती रुद्रप्पाला सांगायची, "तितं सावलीला शेळ्या बसत्यात." शेळ्या जगल्या. माझे सगळे ओझे मात्र एकाच अंगाला राहिले, आणि पुढच्या वळवाने मला मावळतीकडे कलवले.

जड घागर कमरेच्या एका अंगावर घेतली की बाई दुसऱ्या अंगाने स्वतःला ताणून धरते. मीही तेच केले. उगवतीच्या अंगाला दरवर्षी जाड आणि अधिक आवळलेले लाकूड घातले. त्या ताणावरच मी उभा होतो.

अठ्ठ्याहत्तर साली रुद्रप्पाने नव्या घराच्या चौकटीसाठी मला पाडायचे ठरवले. मावळतीची शेळ्या बसायची जागा रिकामी केली होती, मी तिथे पडणार होतो. तो उगवतीकडे बसून करवत चालवणार होता.

मित्रांनो, मरणाची भीती मला नव्हती. पण ते ताणलेले लाकूड अर्धे कापले असते, तर बुंधा उभा फाटून त्याची ढलपी मागे उसळली असती. नेमकी तिथे, जिथे रुद्रप्पा बसणार होता. ज्याला मी झोपवले त्यालाच मी मारणार होतो, आणि मला ओरडता येत नव्हते.

नागव्वाच्या माहेरची एक रीत होती. घरच्या बाईने झाडाला विभूती लावायची, एकच घाव घालायचा आणि रात्रभर थांबायचे, म्हणजे पाखरे घर सोडतात. तिने उगवतीच्या अंगाला कुऱ्हाडीचा घाव घातला. कट्ट आवाज झाला आणि चीर वीतभर वर गेली.

"अव्वा, लिंबानं जांभई दिली की," रुद्रप्पा हसला आणि करवत घेऊन बसायला लागला.

"उद्या."

"गाडी आजच्यापुरती मागून आणलीया. पाखरं काय, आवाज ऐकून जात्यात."

"तुझं घर जोत्यावर याया दोन वर्सं लागली, अन् पाखरांनी एका घटकंत घर मोडायचं व्हय?"

त्याची बायको शरणम्मा तोंडाला पदर लावून हसली. रुद्रप्पा ऐकेना. तेव्हा नागव्वा माझ्या जखमेला पाठ लावून खाली बसली. "काप आता," म्हणाली.

आता तीही तिथेच होती. पण शेवटी रुद्रप्पा पुटपुटत गाडी परत द्यायला गेला.

सकाळी तो आला तेव्हा चीर आपली आपण वाढून त्याच्या डोक्यावर गेली होती. त्याने तिच्यात बोटे घातली. मग करवत खाली ठेवली.

"अव्वा, काल मी हितं बसलो असतो."

"मी बसलेच हुते की."

त्याने मला पाडले नाही. दोर लावून मावळतीच्या जड फांद्या वरून थोड्या थोड्या उतरवल्या. माझे ओझे हलके झाले. सगळ्यात जाड फांदीची चौकट केली, पण लाकूड करवतीतून निघतानाच धनुष्यासारखे वाकले. ते दार आजही नीट लागत नाही.

"मांजर येतंय, कुत्रं येतंय," शरणम्मा कुरकुरते.

"येऊ दे," नागव्वा म्हणते. "लिंबाला आत बघाया मिळतंय."

मी बघतो. चिरेवर सालीचे ओठ मिटत आले आहेत. उगवतीला नवी फांदी जोमाने वाढली आहे आणि तिला आता रुद्रप्पाच्या मुलीची झोळी आहे. आतली ओढ गेलेली नाही. वारा सुटला की मी आधी झोळीकडे बघतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, पाला लागला तर तो चारी अंगांनी थोडा थोडा घ्या. आणि कधी करवत आणावीच लागली, तर आधी एक घाव घालून रात्रभर थांबा. मला जे बोलता येत नाही, ते सकाळी माझ्या अंगावर दिसेल.