बांधापाशी थांबलेला त्रिकोण

"गोदावरीचे पात्र रुंदावल्यामुळे नावेचा दोर अपुरा पडला," असे खात्याचे निवेदन सांगते. मित्रांनो, मोजणी उन्हाळ्यात झाली, दोरही त्याच उन्हाळ्यात आला आणि मधल्या काळात पावसाची एक सरही पडली नाही. दोन्ही काठ खडकाचे आहेत. तरीही नदी खात्याची अडचण ओळखून आपणहून रुंद झाली, असे आपण मानायचे आहे.

मी एक जुना थिओडोलाइट आहे, म्हणजे कोन मोजणारी दुर्बीण. माझे अंग पितळेचे. विष्णुपुरीला धरणाचे काम चालले होते तेव्हा माझ्या अचूकपणाची वाखाणणी होई. पुढे नवी यंत्रे आली आणि मी कपाटात गेलो. यंदा नवे यंत्र दुरुस्तीला गेले, म्हणून मला उमरी तालुक्यातल्या या काठावर आणले. माझा एक स्क्रू केसभर सैल झाला होता. तो कोणी पाहिला नाही, आणि मला बोलता येत नाही.

पलीकडे शाळा आहे. अलीकडच्या केरबांची विशाखा दहावीत. पुरात नाव वाहून जाऊ नये म्हणून नदीवर आडवा लोखंडी दोर बांधायचा होता. नदीत टेप धरता येत नाही. म्हणून काठावर एक सरळ पाया, म्हणजे त्रिकोणाची पहिली रेघ, मोजतात, त्याच्या दोन्ही टोकांवरून पलीकडचे एकच झाड पाहतात, आणि पाया व दोन कोन यांवरून रुंदी काढतात. पाया लांब असेल तर माझ्यासारख्याची केसभर चूक पचते. तो आखूड असेल तर तीच चूक वाढत जाऊन पलीकडच्या काठाला खोटा ठरवते.

पाया अण्णारावांच्या शेतातून निघाला आणि बांधाशी आला. बांधापलीकडे केरबांचे सपाट रान होते. केरबा तांब्या घेऊन उभे होते.

"सायेब, आमच्या रानातून धरा की टेप. पानी पिऊन जावा."

मोजणीदार रामलिंग साहेबांनी घड्याळ पाहिले. मागून अण्णाराव म्हणाले, "चहा निवून राहिलाय, सायेब. नदी काय पळून जाती का?"

पाया तिथेच संपला.

दोर पलीकडच्या खांबाला पोचला नाही. पाऊस लागल्यापासून नाव बंद आहे, आणि विशाखा दप्तर घेऊन काठापर्यंत येते व परत जाते. दोर चिखलात गंजतो आहे. माझ्या भिंगातून दिसलेले झाड खरे होते. मी सांगितलेले कोन जवळजवळ खरे होते. या 'जवळजवळ'ची मला लाज वाटते.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना पुसत जा, स्क्रू तपासत जा. पण त्रिकोणाचा पाया कुठे थांबला आणि का थांबला, हेही विचारत जा. दोर का अपुरा पडला, याच्या चौकशीत तेवढा एकच प्रश्न कामाचा विचारला गेला.  रामलिंग साहेब म्हणाले :

"अण्णारावांनी अडवलं न्हाई. मीच थांबलो. बांध ओलांडला असता, तर केरबाच्या हातचं पाणी प्यावं लागलं असतं."