पिल्सूनकाकूंचा गुडघा आणि माझा ठेका

मित्रांनो, कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आता सायीसारखा पिवळट झालो आहे. मी एमआरआयचे जुने यंत्र. कोरियातल्या नामवॉन गावच्या एका दवाखान्यात माझे आयुष्य गेले. लोहचुंबकाच्या जोरावर मी माणसाच्या आतले चित्र काढतो. ते काढताना धाडधाड आवाज करतो, म्हणून सगळे मला नावे ठेवतात. पिल्सूनकाकू तेवढ्या वेगळ्या.

काकू ढोलपथकाच्या म्होरक्या. नाचून नाचून गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांवरची मऊ गादी, झिजली, म्हणून डॉक्टर मून यांनी तिथे नव्या कूर्चेचे ठिगळ बसवले. त्याने हाडाला नीट धरले आहे का, हे मी दाखवायचे होते. धरले असेल तर वर्षातल्या पहिल्या पौर्णिमेच्या सणाला काकू पथकापुढे उभ्या राहणार. नसेल तर पुन्हा शस्त्रक्रिया.

चित्र आले आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. ठिगळाची कड पुसट दिसत होती, हाडापासून सुटल्यासारखी. काकूंचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटले.

मला चालवणाऱ्या सोराने विचारले, "काकू, खरं सांगा. आत हललात ना?"

"गुडघा तसूभर हलवला नाही."

"आणि खांदे?"

काकू ओशाळून हसल्या. "अगं, इतका झकास ठेका कानावर पडल्यावर खांदे कुठले ऐकतायत?"

"खांदे नाचले की अंग हलतं, अन् अंग हललं की गुडघा. चला, पुन्हा झोपा."

सोराने त्यांच्या खांद्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. मी पुन्हा सुरू झालो. या वेळी काकूंच्या फक्त भुवया नाचल्या. चित्र लख्ख आले. ठिगळाने हाडाला घट्ट धरले होते आणि ते शेजारच्या कूर्चेशी एकजीव झाले होते.

"वाजवा खुशाल," डॉक्टर म्हणाले, "पण उड्या नाहीत."

"उड्या पोरं मारतील. मी खांद्यांवर भागवीन."

जाताना काकूंनी मला थोपटले. "ठेका बरा आहे रे तुझा. शेवटचा ठोका तेवढा घाईत मारतोस."

आता माझ्या जागी कमी आवाजाचे नवे यंत्र येणार आहे. येऊ दे. मित्रांनो, दुरुस्त झालेल्या गुडघ्याला जपा, आणि माझ्यासारख्याच्या पोटात शिराल तेव्हा अगदी स्वस्थ पडून राहा. नाचायला बाहेर अख्खे अंगण आहे.

पौर्णिमेला सोरा काकूंचा ढोल ऐकायला गेली होती. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांना माझ्यासमोरच सांगत होती, की काकूंनी माझाच ठेका वाजवला आणि अख्खे गाव खांदे उडवत होते. शेवटचा ठोका मात्र त्यांनी सावकाश मारला.